पॅक-१२ का फुटली आणि 'सुपर लीग' का अडली

लास वेगासमध्ये १ डिसेंबर २०२३ च्या रात्री वॉशिंग्टन विद्यापीठाने ओरेगनला ३४-३१ असं हरवून अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या पॅक-१२ या कॉन्फरन्सचं, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचं, अजिंक्यपद मिळवलं. त्या हंगामात वॉशिंग्टन एकही सामना न हरता राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचलं आणि तिथे मिशिगनकडून ३४-१३ असं हरलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या या कॉन्फरन्सला इतका चांगला हंगाम कित्येक वर्षांत लाभला नव्हता. पण हंगामाचा पहिला आठवडा संपायच्या आतच बारापैकी दहा विद्यापीठांनी आपण ही कॉन्फरन्स सोडतोय असं जाहीर करून टाकलं होतं. १०८ वर्षांची संस्था अशा हंगामात मोडीत निघाली.

खेळ खालावला होता म्हणून हे झालं नाही. कुठला घोटाळाही बाहेर आला नव्हता. प्रत्येक विद्यापीठाने आपापला हिशेब नीट केला होता. सगळ्यांचा मिळून हिशेब करायला मात्र कुणी नव्हतं, आणि ते का नव्हतं याचं उत्तर १९८४ च्या एका न्यायालयीन निकालात आहे. पॅक-१२ फुटल्यावर सव्वा वर्षात कॉलेज फुटबॉलची सगळी रचना मोडून एकच राष्ट्रीय लीग उभारण्याचे दोन मोठे प्रस्ताव आले. दोन्ही अडले. का अडले, हे कळायचं असेल तर आधी पॅक-१२ चं प्रकरण बारकाईने बघायला हवं.

व्यवस्था कशी आहे

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड चढवून खेळतात तो. व्यावसायिक एनएफएल वेगळी. विद्यापीठांचे संघ शनिवारी खेळतात आणि त्यांना येणारी गर्दी आपल्याला सहजी पटणार नाही: मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांहून जास्त आसनं आहेत. एवढं असूनही सगळ्या संघांची मिळून एक लीग नाही. दहा-बारा, आता सोळा-अठरा विद्यापीठांचे गट आहेत. त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. हे गट मुळात शेजारधर्मातून तयार झाले. पॅक-१२ ची पूर्वज पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स १९१५ मध्ये पोर्टलंडला स्थापन झाली तेव्हा तिच्यात चारच विद्यापीठं होती, दोन ओरेगन राज्यातली, एक वॉशिंग्टनचं, एक कॅलिफोर्नियाचं. आगगाडीने जाऊन सामना खेळून परत येता यावं, इतका साधा हेतू.

टीव्ही आल्यावर कॉलेज सामन्यांचं प्रक्षेपण एनसीएए ही शिखर संस्था आपल्या मुठीत ठेवून होती. कोण किती वेळा दिसणार हे तीच ठरवायची. जॉर्जिया आणि ओक्लाहोमा या दोन विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की, ही मक्तेदारी स्पर्धाविरोधी आहे. हक्क विद्यापीठांकडे गेले. विद्यापीठांनी ते आपापल्या कॉन्फरन्सकडे सोपवले, आणि तिथून पुढे कॉन्फरन्स ही टीव्हीला माल विकणारी कंपनी झाली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. पुढे २०२३ च्या उन्हाळ्यात पॅक-१२ मधून पहिली उडी याच कोलोरॅडोने मारली.

आपल्याकडे बीसीसीआयने २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे माध्यम हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले आणि त्यातला वाटा सगळ्या संघांना मिळतो. उद्या मुंबई आणि चेन्नई आपले हक्क वेगळे काढून विकू लागले तर बाकीच्या संघांच्या हक्कांना किती भाव येईल? अमेरिकी कॉलेज फुटबॉल गेली चाळीस वर्षं त्याच अवस्थेत आहे. एनएफएलचं तसं होत नाही, कारण १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने व्यावसायिक लीगना आपले हक्क एकत्र करून विकायची मुभा दिली. ती कॉलेजांना नाही. हा कायदा पुढे पुन्हा येईल.

पश्चिमेचं दुखणं

पॅक-१२ ने २०१२ पासून लागू होणारा बारा वर्षांचा, सुमारे ३ अब्ज डॉलरचा करार ईएसपीएन आणि फॉक्स या टीव्ही कंपन्यांशी केला तेव्हा तो कॉलेज कॉन्फरन्समधला सर्वांत मोठा होता. कॉन्फरन्सचे तेव्हाचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, लॅरी स्कॉट यांचं त्यासाठी फार कौतुक झालं. त्याआधी २०१० मध्ये टेक्सस, ओक्लाहोमा आणि त्यांच्या भोवतालची विद्यापीठं ओढून सोळा जणांची कॉन्फरन्स करण्याचा त्यांचा बेत टेक्ससने ऐनवेळी पाठ फिरवल्यामुळे फसला होता, आणि शेवटी कोलोरॅडो व युटा या दोघांवर भागवावं लागलं.

करारासोबत पॅक-१२ ने स्वतःचं टीव्ही नेटवर्कही काढलं, शंभर टक्के स्वतःच्या मालकीचं. इतरांनी ईएसपीएन किंवा फॉक्सला भागीदार करून घेतलं होतं. यांना नफ्यात वाटेकरी नको होता, त्यामुळे केबल कंपन्यांशी घासाघीस करायला पाठीशी बलदंड भागीदारही उरला नाही. डायरेक्टीव्ही या उपग्रह टीव्ही कंपनीशी करार कधीच जुळला नाही. परिणामी देशातल्या लाखो घरांत हे चॅनल दिसतच नव्हतं. त्यात घड्याळ आडवं येई. पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू झालेला सामना न्यूयॉर्कमध्ये रात्री साडेदहाला सुरू होतो, आणि देशातले बहुतेक प्रेक्षक पूर्वेकडच्या दोन कालविभागांत राहतात. सामने चांगले होत, ते बघायला जागं कोण राहणार हा प्रश्न होता.

तरी दुखणं जीवघेणं नव्हतं. जुलै २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा बिग १२ ही कॉन्फरन्स सोडून दक्षिणेतल्या एसईसी या कॉन्फरन्सकडे निघाले तेव्हा मरणपंथाला लागलेली कॉन्फरन्स बिग १२ वाटत होती. तिथले उरलेले आठ जण दुसरीकडे जागा मिळते का ते बघत होते. ऑगस्टमध्ये पॅक-१२ आणि बिग टेन व एसीसी या आणखी दोन मोठ्या कॉन्फरन्स यांनी मोठा गाजावाजा करून एक 'आघाडी' जाहीर केली. लेखी करार काही नव्हता, शब्दावर विश्वास होता. दोनच दिवसांनी पॅक-१२ ने सांगितलं की, आम्हाला विस्तार करायचा नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय हाच. त्या आठवड्यात बिग १२ मधले तीन-चार संघ घेतले असते तर प्रतिस्पर्धी संपला असता आणि मध्यवर्ती कालविभागही हाती आला असता.

दहा महिन्यांनी, ३० जून २०२२ ला, पॅक-१२ मधल्या यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जात असल्याचं जाहीर केलं. आघाडीतल्याच मित्राने घर फोडलं. या दोघांबरोबर लॉस एंजेलिस गेलं, म्हणजे अमेरिकेतली दुसऱ्या क्रमांकाची टीव्ही बाजारपेठ गेली. दीड महिन्यात बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा, ७ अब्ज डॉलरहून मोठा करार केला.

तेरा महिने

उरलेल्या दहा जणांचा नवा टीव्ही करार व्हायचा होता. जुना २०२४ च्या उन्हाळ्यात संपत होता, आणि कळीचा मुद्दा असा की, विद्यापीठांनी आपले हक्क कॉन्फरन्सकडे सोपवल्याचं बंधनही त्याच वेळी संपत होतं. त्यानंतर जाणाऱ्याला एक डॉलरही दंड नव्हता. एसीसीमध्ये असंच बंधन २०३६ पर्यंत आहे. म्हणून फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनला तिथून सुटण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. पॅक-१२ चं दार मात्र सताड उघडं राहणार होतं आणि तारीख सगळ्यांना माहीत होती.

बातम्यांनुसार ईएसपीएनने २०२२ च्या शरदात वर्षाला प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे ३ कोटी डॉलर देऊ केले होते. विद्यापीठांच्या अध्यक्षांनी ५ कोटी मागितले. मोठे विद्वान, त्यातले काही अर्थशास्त्राच्या प्रांगणात वाढलेले असतील, पण लॉस एंजेलिस गमावलेल्या मालाला ५ कोटी कोण देणार हे कुणी विचारलं नसावं. ईएसपीएन उठून गेलं. इकडे बिग १२ चे नवे कमिशनर ब्रेट योरमार्क यांनी आपल्या कराराची मुदत संपायची वाट न बघता ईएसपीएन आणि फॉक्सशी आधीच बोलणी उरकली: सहा वर्षं, प्रत्येकी सरासरी ३.१७ कोटी डॉलर. वर्षभरापूर्वी ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांच्या खिशात पक्का कागद होता. पॅक-१२ चे कमिशनर जॉर्ज क्लियावकॉफ दर काही आठवड्यांनी सांगत राहिले की, करार होतोय.

कोलोरॅडो २७ जुलै २०२३ ला बिग १२ मध्ये परतलं. १ ऑगस्टला क्लियावकॉफ यांनी ॲपलचा प्रस्ताव अध्यक्षांपुढे ठेवला. मूळ रक्कम प्रत्येकी अडीच कोटींच्या आसपास किंवा थोडी कमी, त्यापुढचं सगळं वर्गणीदार किती जमतात त्यावर. म्हणजे सामने बघायचे तर चाहत्यांनी वेगळी वर्गणी भरायची, आणि ती भरायला लावायची जबाबदारी जणू विद्यापीठांची. ओरेगन आणि वॉशिंग्टनला ते पचेना. ४ ऑगस्टच्या सकाळी सह्यांसाठी बैठक ठरलेली होती. त्या दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे गेले, आणि संध्याकाळपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट व युटा बिग १२ कडे. ॲरिझोना स्टेट म्हणजे आपल्याकडून एमएस करायला जाणाऱ्या पोरांच्या ओळखीचं टेंपी. तिथल्या मराठी मुलांचे व्हॉट्सॲप गट त्या दिवशी याच विषयाने भरले होते असं मी म्हणणार नाही, त्यांना नोकरीची चिंता असते.

ओरेगन आणि वॉशिंग्टन यांना बिग टेनने पूर्ण वाटा दिला नाही. सुरुवातीला वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर, जवळपास निम्मा हिस्सा. ईएसपीएनने आदल्या वर्षी देऊ केलेला आकडा तोच होता.

स्टॅनफर्ड आणि बर्कली १ सप्टेंबरला एसीसीमध्ये गेले. एसीसीतला ए अटलांटिकचा आहे, ही दोन्ही विद्यापीठं पॅसिफिकच्या काठावर. सात वर्षं तीस टक्के वाटा घेऊन ती गेली. त्यांच्याबरोबर आलेल्या टेक्ससमधल्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचा पैसाच घेणार नाही असं कबूल करून जागा मिळवली. आणि यूसीएलए व बर्कली ही दोन्ही ज्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची अंगं आहेत त्याच्या रीजंट मंडळाने, म्हणजे नियामक मंडळाने, यूसीएलएला हुकूम केला की, तुमच्या जाण्याने भावंडाचं नुकसान झालं, सबब वर्षाला १ कोटी डॉलर बर्कलीला द्या. पोटगीच ती, तिथल्या वार्ताहरांनीही तिला तसंच नाव ठेवलं.

याचा खरा भार फुटबॉलवर पडत नाही. फुटबॉल संघ आठवड्यातून एकदा खास विमानाने जातो. भार पडतो व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस, जलतरण अशा खेळांतल्या मुलामुलींवर. लॉस एंजेलिस ते न्यू जर्सीतलं रटगर्स हे अंतर विमानाने चार हजार किलोमीटरच्या घरात जातं, तेही सत्र चालू असताना, परीक्षांच्या आठवड्यात. फुटबॉलच्या टीव्ही करारासाठी बाकीचे वीस खेळ फरफटत गेले. डिसेंबर २०२३ मध्ये यूसीएलएचेच प्रशिक्षक चिप केली जाहीरपणे म्हणाले की, फुटबॉल इतर खेळांपासून तोडा, चौसष्ट मोठ्या संघांची एक रचना करा आणि बाकीचे खेळ पुन्हा आपापल्या प्रदेशात खेळू द्या.

मोडून नव्याने बांधायचे प्रस्ताव

केली यांनी उघडपणे जे सांगितलं त्याचा आराखडा 'कॉलेज स्पोर्ट्स टुमॉरो' नावाचा एक गट आधीपासून करत होता. त्यात लेन पर्ना हे क्रीडा क्षेत्रातले सल्लागार, फिलाडेल्फिया ७६र्स या बास्केटबॉल संघाचे सहमालक डेव्हिड ब्लिट्झर, तेव्हा एनएफएलमध्ये असलेले ब्रायन रोलॅप, सिराक्यूज विद्यापीठाचे तेव्हाचे चान्सलर केंट सिव्हरूड आणि वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन गी अशी मंडळी होती. गी यांचं नाव इथे योगायोगाने आलेलं नाही. वेस्ट व्हर्जिनिया २०१२ मध्ये टेक्सस-कॅन्ससच्या मुलखातल्या बिग १२ मध्ये गेलं आणि तिथे एकटं पडलं. शेजाऱ्यांशी असलेली जुनी चुरस तुटल्याची किंमत त्यांना पाठ आहे.

एप्रिल २०२४ मध्ये बाहेर आलेला पहिला आराखडा असा: ८० संघ, प्रत्येकी दहाचे आठ गट. ७० विद्यापीठांना कायमची जागा, उरलेल्या १० जागा खालच्या स्तरातून चढणाऱ्या-उतरणाऱ्या संघांसाठी. कायमच्या ७० मध्ये पाचही जुन्या मोठ्या कॉन्फरन्समधले सगळे होते, म्हणजे पॅक-१२ मध्ये मागे उरलेली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोन विद्यापीठंसुद्धा. ऑक्टोबरमध्ये सुधारित रूप आलं, 'कॉलेज स्टुडंट फुटबॉल लीग': वरच्या थरात ७२ संघ, सहा-सहाचे बारा प्रादेशिक गट. खालच्या थरात ६४, आठ-आठचे आठ गट. वर २४ संघांची बाद फेरी. टीव्हीचे हक्क सगळ्यांचे मिळून एकत्र विकायचे, आणि खेळाडूंशी वाटाघाट करणारी संस्थाही एकच. फुटबॉल वगळता बाकी खेळ आपापल्या प्रादेशिक कॉन्फरन्समध्येच राहतील.

त्याच महिन्यात 'प्रोजेक्ट रुडी' उजेडात आला. स्मॅश कॅपिटल या गुंतवणूक संस्थेचा प्रस्ताव: ७० बड्या संघांना एका व्यवस्थेत बांधायचं आणि खाजगी भांडवलातून ९ अब्ज डॉलरपर्यंत ओतायचे.

पहिल्या प्रस्तावात मला तरी तथ्य दिसतं. १९८४ ने जी केंद्रीय विक्री मोडली ती संघांच्याच संमतीने परत आणायची आणि तिचा मोबदला म्हणून भूगोलही परत आणायचा, ही त्यातली मेख. दुसऱ्यात भांडवल आहे, पण गुंतवणूकदार परतावा मागणार हे उघड आहे आणि तो कुठून येणार याचं उत्तर पुन्हा टीव्हीच.

आता नकार कुणी दिला ते बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये एसईसीचे कमिशनर ग्रेग सॅन्की, बिग टेनचे कमिशनर टोनी पेटिटी आणि त्यांच्या विद्यापीठांचे क्रीडा संचालक नॅशव्हिलला भेटले. सुपर लीगची गरज नाही, असा दोघा कमिशनरांचा सूर. त्यांच्या जागी दुसरं कुणीही हेच म्हणालं असतं. राष्ट्रीय प्लेऑफच्या, म्हणजे देशाचा विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीच्या, ईएसपीएनबरोबरच्या करारातून वर्षाला सुमारे १.३ अब्ज डॉलर येतात आणि त्यातले जवळपास ५८ टक्के या दोघांतच वाटले जातात. ७२ जणांचा एक खजिना झाला तर त्यांचा वाटा वाढेल की घटेल याची खात्री कोण देणार? युरोपात एप्रिल २०२१ ला बारा श्रीमंत फुटबॉल क्लबांनी सुपर लीग काढली ती चाहत्यांच्या संतापाने दोन दिवसांत कोसळली. अमेरिकेत चित्र उलटं आहे. इथे लीग मागणारे कमजोर आहेत आणि बलवानांना ती नकोय.

दुसरी अडचण कायद्याची. सगळ्यांनी मिळून हक्क विकायचे तर १९६१ च्या कायद्यात कॉलेजांची भर घालावी लागेल. खेळाडूंच्या पैशावर एकत्र मर्यादा घालायची तर एक तर काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं, संरक्षण हवं किंवा खेळाडूंना कर्मचारी मानून त्यांच्या संघटनेशी करार हवा, आणि कर्मचारी हा शब्द कुठल्याच विद्यापीठाला नकोसा. दरम्यान न्यायालयं थांबलेली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये खेळाडूंना मिळणाऱ्या लाभांवरच्या मर्यादांबद्दलच्या ॲल्स्टन खटल्यात एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला मान्यता मिळाली, माजी खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि २०२५-२६ पासून प्रत्येक विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खर्च वाढला की जास्त पैसेवाल्या कॉन्फरन्सकडे जाण्याची ओढ आणखी वाढते.

मागे राहिलेले दोघे

पुलमन हे तीसेक हजार वस्तीचं गाव, गव्हाच्या टेकड्यांत. तिथे वॉशिंग्टन स्टेट. कॉर्व्हॅलिसमध्ये ओरेगन स्टेट. ओरेगन स्टेटने १६ कोटी डॉलरहून अधिक खर्चून आपलं स्टेडियम नव्याने बांधलं आणि त्याचं दार उघडलं सप्टेंबर २०२३ मध्ये, कॉन्फरन्स फुटल्यावर काही आठवड्यांनी. दोघांनी व्हिटमन काउंटीच्या न्यायालयात धाव घेऊन कॉन्फरन्सचा ताबा आणि उरलेली मालमत्ता मिळवली. जाणाऱ्या दहा जणांना मत देता येणार नाही, हे न्यायाधीशांनी मान्य केलं.

इथवर सहानुभूती या दोघांकडे. पुढचं वाचून ती थोडी पातळ होईल. २०२४ चा हंगाम काढण्यासाठी त्यांनी माउंटन वेस्ट या लहान कॉन्फरन्सशी सामन्यांचा करार केला. आमचे संघ पळवले तर दंड भराल, अशी अट त्यात माउंटन वेस्टने घालून घेतली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये पॅक-१२ ने तिथलेच बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट आणि सॅन दिएगो स्टेट उचलले, मग युटा स्टेट, आणि साडेपाच कोटी डॉलरचा दंड बेकायदा आहे म्हणून स्वतःच कोर्टात गेले. पुढे बास्केटबॉलसाठी गॉन्झागा आणि आठवा फुटबॉल संघ म्हणून टेक्सस स्टेट मिळालं. नवी पॅक-१२ सुरू होण्याची तारीख १ जुलै २०२६.

वॉशिंग्टन राज्याच्या सिनेटर मारिया कँटवेल यांनी २०२५ मध्ये दोन सहकाऱ्यांसह मांडलेल्या विधेयकात १९६१ चा कायदा कॉलेजांना लागू करण्याची तरतूद आहे. टेक्सस टेकच्या रीजंट मंडळाचे अध्यक्ष कोडी कॅम्पबेल यांनी त्याच मागणीसाठी टीव्हीवर जाहिरातींची मोहीम चालवली. एसईसी आणि बिग टेनचा विरोध कायम आहे. तेव्हा लक्ष ठेवायचं ते कॅलेंडरवर. बिग टेनचा टीव्ही करार २०३० मध्ये संपतो, बिग १२ चा २०३१ मध्ये, प्लेऑफचा त्याच्या पुढच्या वर्षी. एसीसी सोडण्याचा दंडही २०३०-३१ पर्यंत साडेसात कोटी डॉलरवर उतरतो. २०२४ च्या उन्हाळ्यात पॅक-१२ चं जसं झालं तशी बंधनं त्या दोन-तीन वर्षांत एकाच वेळी अनेकांची सुटतील. एसईसी मात्र ईएसपीएनशी २०३४ पर्यंत बांधलेली आहे, आणि बाकीच्यांनी लीग काढायची ठरवलीच तरी तिच्याशिवाय काढायची की तिच्यासाठी आणखी तीन वर्षं थांबायचं, हे त्यांना आधी ठरवावं लागेल.